सोवळ्यातलं दूध

"पंचामृताला दूध निरसंच घ्यायचं हं, कल्याणी. तापवलेलं दूध माणसांना. देवाला नाही."

माईंना, म्हणजे कल्याणीच्या सासूबाईंना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांच्या सूचना अजून सेवानिवृत्त झालेल्या नव्हत्या. ओट्यापाशी उभं राहिलं की त्या आपोआप ऐकू येत. कल्याणीने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं आणि आता तर द्यायची सोयच उरली नव्हती.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. कल्याणीने नेम धरला: महिनाभर रोज बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान, आणि संध्याकाळी आरतीनंतर सोसायटीत घरोघरी तीर्थ. संकल्प एकच होता. सून पूर्वाला सातवा लागला होता. मागच्या खेपेचा आनंद तिसऱ्या महिन्यातच विरून गेला होता, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. न बोलण्याच्या गोष्टी कल्याणी देवाशी बोलत असे. या वेळी बाळ सुखरूप हाती येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी महिनाभर एकभुक्त राहायची तिची तयारी होती.

अडचण आली ती दुधाची. निरसं म्हणजे न तापवलेलं. आणि पिशवीतलं दूध डेअरीतच तापवून गार केलेलं असतं, हे ज्ञान तिला नेमाच्या आदल्या दिवशी नवऱ्याकडून झालं.

"म्हणजे इतकी वर्षं मी देवाला तापवलेलं दूध..." ती खालीच बसली.

"तापवलेलं, उकळलेलं नव्हे," बँकेतून निवृत्त झालेले श्रीधरराव पेपराआडून म्हणाले. "पाश्चरायझेशनबद्दल धर्मशास्त्र गप्प आहे. जिथे शास्त्र गप्प बसतं, तिथे पुणेकराने बोलावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मते चालतं."

गुरुजींना फोन केला, तर तेही म्हणाले, "चालतं हो ताई. आम्हीसुद्धा पिशवीचंच वापरतो." याने तिचं समाधान व्हायच्याऐवजी तिला गुरुजींचीच काळजी वाटू लागली. 'चालतं' हा शब्द माईंच्या बोलण्यात कधी आलाच नव्हता. तिथे 'करायचं' आणि 'करायचं नाही' एवढे दोनच होते.

कोणीतरी सांगितलं म्हणून ती रिक्षाने कसबा पेठेत गेली. तिथल्या एका बोळात पिढ्यान्‌पिढ्यांचं दुग्धालय होतं. पाटी तीच होती, आत मात्र काचेच्या कपाटात पिशव्या रचलेल्या. तिने हळू आवाजात निरसं दूध मागितलं. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, आमच्याकडे गाय नाही. फ्रीज आहे."

"पाटीवर 'ताजे दूध' लिहिलंय म्हणून विचारलं."

"पाटी आजोबांची आहे. त्यांना विचारा."

एवढी मानहानी पदरात घेऊन ती परत आली, तर लिफ्टमध्ये सर्वात वरच्या मजल्यावरचा ऋषी भेटला. ऋषी हडपसरला संगणकाच्या कंपनीत होता आणि उरलेल्या वेळात प्रकृती कमावत होता. तिची अडचण ऐकून तो हरखलाच.

"काकू, मला आधी का नाही सांगितलंत? हडपसरच्या पुढे एक गोठा आहे. देशी गाय, ए-टू, एकदम रॉ! पाश्चरायझेशन म्हणजे एन्झाइम्सची कत्तल आहे, लिटरली."

एन्झाइम कोण हे कल्याणीला ठाऊक नव्हतं. पण गाईच्या शेजारी 'कत्तल' हा शब्द ऐकल्यावर विचार करण्यासारखं काही उरलंच नाही.

गोठा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दूध घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं. रविवारी श्रीधररावांना घेऊन ती गेली. गोठ्याचे मालक दशरथराव अगत्यशील होते. "या की, बसा. गाया बघा, कशा धष्टपुष्ट हायेत." तिने गाईंना हळदकुंकू वाहिलं, पुच्छ डोळ्यांना लावलं, आणि मग तपासणी सुरू केली. तिच्यासारखी कडक तपासणी कुठल्या निरीक्षकाने केली नसेल. धार काढणारा आंघोळ करून बसतो का? "व्हय जी, पहाटं पयली आंघुळच." भांडं वेगळं ठेवाल का? "देवाच्या दुधाला येगळी किटली." तिला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही ना? "न्हाय न्हाय, मीच बघतो."

ती संतुष्ट झाली. तिच्यादेखत दशरथरावांनी खांद्यावरच्या पंच्याने गाईची कास पुसली, त्याच पंच्याने कपाळाचा घाम टिपला, आणि त्यानेच किटलीचं तोंड पुसून तिच्यापुढे धरलं. किटली विसळली होती ती गाई पाणी पीत होत्या त्या हौदात. हे सगळं तिने नीट पाहिलं. दोष कुठेच दिसला नाही. माणूस आंघोळ केलेला, पंचा सुती, आणि हौदात तोंड घालणारी साक्षात गोमाता. यात ओवळं काय होतं?

निघताना चहा आला. चहाशेजारी फोडलेली दुधाची पिशवी पडली होती.

"हे पिशवीचं दूध?" श्रीधररावांनी विचारलं.

"आमचं समदं दूध तुमच्या शहरातच जातंय की साहेब. घरच्याला उरतंय कुठं?"

परतीच्या वाटेवर श्रीधरराव बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "गाय त्यांची, दूध आपलं, आणि पिशवी पुन्हा त्यांची. या व्यवहारात शहाणं कोण, याचा मी विचार करतोय."

दूध यायला लागलं, आणि प्रकरण एका किटलीवर थांबलं नाही. पुण्यात एका घरी चांगली वस्तू आली आणि शेजाऱ्यांनी तिची चौकशी केली नाही, असं होत नाही. ऋषीने 'गोरस परिवार' नावाचा ग्रुप काढला आणि कल्याणीला न विचारता ॲडमिन केलं. आठवड्याच्या आत निम्मी सोसायटी निरसं दूध घेऊ लागली. दशरथराव मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकावून निघत. अख्खं पुणे, त्यातले सगळे सिग्नल आणि मे महिन्याचं ऊन पार करून कर्वेनगरला सोसायटीत पोचेपर्यंत अकरा वाजत. तोवर कॅन हाताला चांगले कोमट लागत. "धारोष्ण!" ऋषी अभिमानाने म्हणे.

दुधाच्या परीक्षाही झाल्या. शेजारच्या दीपालीवहिनींनी कडप्प्याच्या ओट्यावर थेंब सोडून पाहिला; तो मागे पांढरी रेघ ठेवत ओघळला. ऋषीने लॅक्टोमीटर आणला. तो दुधात ताठ उभा राहिला. सोसायटीचे चेअरमन संजयराव यांनी बोट बुडवून चाटलं आणि मान डोलावली. पाणी नाही, हे सिद्ध झालं. पुणेकराच्या लेखी दुधाला जन्मजात एकच रोग, तो म्हणजे पाणी. तो नसला की दूध निरोगी.

घरी मात्र एक पेच होता. दूध आल्यापासून पूजेपर्यंत ठेवायचं कुठे? फ्रीजच्या दारात सौरभची अंडी मांडलेली असत. मुलगा व्यायाम करतो, त्याला लागतात, म्हणून कल्याणीने ती घरात येऊ दिली होती. पण देवाचं दूध त्यांच्या शेजारी ठेवणं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. तेव्हा चांदीच्या गडव्यात, वर ओला रुमाल टाकून, दूध देवघरातच राही. दुपारी स्नान होई. मग दूध, दही, तूप, मध, साखर असं ते पंचामृत देवाच्या अंगावरून उतरून ताम्हनात जमे, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत तिथेच समईच्या उबेला बसून राही. चव जराशी आंबूस यायची. कल्याणीला वाटे, दही गुणाचं आहे.

पहिल्याच संध्याकाळी पूर्वासमोर पळी धरली, तेव्हा ती घुटमळली.

"आई, डॉक्टरांनी कच्चं दूध नको म्हणून सांगितलंय."

"अगं, हे दूध कुठंय? तीर्थ आहे हे," कल्याणी मऊपणाने म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. म्हणूनच त्याला नाही म्हणणं फार कठीण जाई. "तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

पूर्वाने तीर्थ घेतलं. पुढे रोज घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात सोसायटीची पोटं बिघडू लागली. आधी पहिला मजला, मग तिसरा, मग वॉचमन. संजयरावांनी तातडीची सभा बोलावली. सभेत आंबा दोषी ठरला. फाटकाशी बसणाऱ्या आंबेवाल्याला हाकलण्यात आलं. तरी पोटं थांबेनात, तेव्हा टँकरच्या पाण्यावर संशय गेला आणि टाकी रिकामी करून घासली गेली. त्यापायी सोसायटीला दोन दिवस पाणी नव्हतं, आणि ज्यांची पोटं बिघडली होती त्यांना ते विशेष जाणवलं. कोणी उपाहारगृहाला नावं ठेवली, कोणी हवेला. तीर्थाकडे बोट दाखवायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. देवाच्या अंगावरून आलेल्या वस्तूने काही होतं, असं म्हणायला माणूस एक तर नास्तिक हवा किंवा श्रीधरराव.

कल्याणी तर आजाऱ्यांना आवर्जून एकेक पळी जास्त देई. उतार पडावा म्हणून.

"मला त्या दुधाचीच शंका येते," एका सकाळी श्रीधरराव म्हणाले.

तिला ते लागलं. आपल्यावर संशय घेतला असता तर तिने सोसलं असतं. हा बाळकृष्णावर होता. "मग करून आणा तपासणी," ती म्हणाली, "मीही येते." देवाला निर्दोष सोडवायला आपण जातो आहोत, अशी तिची समजूत होती.

त्या सरकारी कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते कोणत्याही खात्याचं असू शकलं असतं. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने वरच्या मजल्यावर पाठवलं. वर जेवणाची सुट्टी होती. जेवणाला सुट्टी असते, पण सुट्टीला शेवट असतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. दोघं बाकावर बसली, मांडीवर पिशवीत दुधाची बाटली. पंखा फक्त साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर फिरत होता. अखेर एक गृहस्थ दात कोरत आले.

"विक्रेत्याचा परवाना क्रमांक?"

"परवाना बहुधा नसावा," श्रीधरराव म्हणाले.

"मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्याविरुद्ध."

"अहो, परवाना नाही म्हणजे तो आमच्या दप्तरी नाही. दप्तरी नाही त्याची तपासणी आम्ही कशी करणार? आधी त्याला म्हणावं परवाना काढ. मग या तक्रार घेऊन."

"आम्हाला तक्रार नाही करायची हो," कल्याणी हळूच म्हणाली. "दूध चांगलं आहे, एवढं फक्त लिहून द्या."

गृहस्थांनी बाटली उजेडात धरली. आत पांढऱ्या गाठी पाण्यात तरंगत होत्या.

"बाई, हे फाटलंय. नमुना सीलबंद लागतो, बर्फात ठेवलेला लागतो. हे असलं आम्ही घेत नाही." आणि मग, अगदीच माणुसकी नाही असं वाटू नये म्हणून, "पनीर होईल याचं."

जिना उतरताना श्रीधरराव म्हणाले, "दोन तासांत फाटलं. मग तुझ्या ताम्हनात रोज संध्याकाळपर्यंत काय होत असेल, ते बघ."

रिक्षात तिने पदर डोक्यावरून घेतला आणि ती बाहेर बघत बसली. तेवढ्यात सौरभचा फोन आला. पूर्वाला सकाळपासून कणकण होती. आता थंडी वाजून ताप भरला होता, आणि बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी तिला वाटत होती.

पूर्वाच्या डॉक्टर नाजिमा शेख कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र लावलं. खोलीत तो धडधड आवाज भरला तेव्हा कल्याणीने हात जोडले. ठोके होते. पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी उतरली नाही.

"ताप कशाचा ते शोधायला हवं. बाहेरचं काही खाणं? मांस, मऊ चीज? कच्चं दूध?"

"छे," सौरभ लगेच म्हणाला. "आमच्याकडे दूध दोनदा उकळतं, डॉक्टर. आई या बाबतीत फार कडक आहे."

डॉक्टरांनी पूर्वाकडे पाहिलं. पूर्वाने कल्याणीकडे पाहिलं, आणि मग नजर चादरीवर नेली. "नाही," ती म्हणाली. "कच्चं दूध नाही."

खोटं बोलत होती पोरगी. तापाने ओठ सुकलेले, हात पोटावर, आणि तरी सासूला सांभाळून घेत होती. एवढा मान कल्याणीला आयुष्यात कोणी दिला नव्हता, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. गप्प बसलं तर तो मान राहणार होता. घरातला, सोसायटीतला, सगळा. फक्त डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहणार होत्या.

"मी दिलंय," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की डॉक्टरांना वळावं लागलं. "तीर्थ. रोज."

"पंचामृत?"

"हो. निरशा दुधाचं. दूध नाही, तीर्थ आहे, असं सांगून दिलं तिला. तिने नको म्हटलं होतं."

सौरभ आईकडे बघतच राहिला. श्रीधररावांकडे अशा वेळी काहीतरी बोचरं तयार असे. त्यांनी ते गिळलं.

"फ्रीजमध्ये ठेवत होतात?"

"नाही. सोवळ्यात ठेवत होते."

डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून नर्सच्या हाती दिल्या. "कच्च्या दुधातून एक जंतू येतो. इतरांचं पोट बिघडवून सोडून देतो. गरोदर बाईच्या मात्र थेट बाळापर्यंत जाऊ शकतो. तोच आहे की नाही, रक्त तपासून कळेल. पण मी रिपोर्टची वाट बघत नाही, औषध आत्ताच चालू करते." मग कल्याणीकडे वळून, "बरं झालं बोललात. उद्या बोलला असतात तर कठीण झालं असतं."

हे कौतुक होतं की आणखी काही, ते कल्याणीला कळलं नाही. तिने ते प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं, एवढंच.

त्या दिवशी बाळकृष्णाला नुसत्या पाण्याने आंघोळ झाली. त्याने काही तक्रार केल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला; डॉक्टरांचा अंदाज खरा होता. औषध अजून बरेच दिवस शिरेतून जायचं होतं, आणि "बाळ आल्यावर त्यालाही तपासू, तोवर मी काही वचन देत नाही," असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

दवाखान्यातल्या बाकावर बसून कल्याणीने ग्रुपवर लिहिलं. एकेक अक्षर शोधत लिहिलं: दूध कृपया कोणी कच्चं पिऊ नये, उकळून घ्यावं, आमच्या पूर्वाला त्यानेच त्रास झाला आहे, मी दिलेलं तीर्थही तसलंच होतं, क्षमा असावी. पाच मिनिटांत उत्तरं आली. "सूनबाईंचं बाहेरचं काही खाणं झालं असेल." "आमची तब्येत उत्तम आहे, आंबा बंद केल्यापासून." एका बाईंनी हात जोडलेल्या चित्रासह लिहिलं, "नेमात काही कमी राहिलं असेल का, ते पाहावं." ते वाचून कल्याणीला खोलवर कुठेतरी टोचलं. पुढे वाचायला गेली, तर तिचा निरोपच जागेवर नव्हता. ऋषीने तो काढून टाकला होता. "काकू, प्लीज, ग्रुपवर पॅनिक नको. एका केसवरून जनरलाइज करू नये," असं त्याने लिहिलं होतं. आता ॲडमिन तो एकटाच होता.

तिने फोन पूर्वाला दाखवला. तक्रार म्हणून नव्हे. काय करावं ते सुचेना म्हणून.

पूर्वा सलाईनचा हात सांभाळत उशीला टेकून बसली. "आई, ऋषीची छोटी आता दीड वर्षाची होईल. तिला बाटलीतून तेच देतात."

"उकळून देत असतील गं."

"नाही देत. तो ग्रुपवर फोटो टाकतो." ती थोडी थांबली. "सांगाल तुम्ही? फोनवर नको. फोनवर कोणी ऐकत नाही. प्रत्येकाच्या घरी जाऊन."

प्रत्येकाच्या घरी. ज्यांनी दार उघडून तिला नमस्कार केला होता, त्या प्रत्येकाला सांगायचं की तुमचं पोट मी बिघडवलं. आंबेवाल्याचा काही दोष नव्हता. पाणी स्वच्छ होतं. कल्याणीने सुनेच्या पायावरची चादर उगाच सारखी केली.

"सांगेन," ती म्हणाली. "आजच."

संध्याकाळी ती घरी आली. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, आरती केली. आवाज नेहमीइतकाच हळू होता. मग पदर खोचून तिने चपला पायांत सरकवल्या. श्रीधरराव दारापर्यंत आले.

"मी येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही बोलाल."

"मग तू काय करणारेस?"

"मला नुसतं सांगायचंय."

लिफ्ट कोणीतरी वरच्या मजल्यावर अडवून धरली होती. कल्याणी क्षणभर थांबली, आणि मग कठड्याला धरून, एकेक पायरी, ऋषीच्या घराकडे चढू लागली.